न पाहिलेल्या दिवसांची ओढ : प्रस्तावना

चि. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनच्या मुंबई केंद्राने पडद्यावर आणला तो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आज परभणीतला सत्तरीचा एखादा निवृत्त शिक्षक मोबाइलवर त्या मालिकेचा तुकडा लावतो, मनापासून हसतो आणि म्हणतो, ‘काय दिवस होते ते!’ ते दिवस होते हे खरंच. फक्त ते परभणीत नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. सिंहगडापासून परभणी तीनशे किलोमीटरहून लांब. चिमणरावांचं बिऱ्हाड मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत रमलं तेव्हा परभणीत टीव्हीच दिसत नव्हता. मग हे गुरुजी नेमकं काय आठवताहेत?

या पुस्तकाचा विषय त्या प्रश्नातून निघाला आहे. सिनेमा आणि टीव्हीचं स्मरणरंजन यावर मराठीत भरपूर लिहिलं जातं. पण ते बहुतेक वेळा ज्यांनी ते सगळं वेळच्या वेळी पाहिलं त्यांचं असतं. ज्यांच्यापर्यंत ते उशिरा पोचलं, अर्धवट पोचलं किंवा आत्ता फोनवरच पोचलं, त्यांच्या ओढीचं काय? मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९९६ च्या ‘मॉडर्निटी ॲट लार्ज’ या ग्रंथात फिलिपिन्समधल्या गायकांविषयी लिहिलं आहे. ते जुनी अमेरिकन गाणी हुबेहूब गातात, हळवे होतात, पण त्या गाण्यांमागचं अमेरिकन आयुष्य त्यांच्या वाट्याला कधी आलेलंच नाही. आठवणीविना स्मरणरंजन, असं अप्पादुराईंचं निदान. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ते तंतोतंत लागू पडतं. फरक इतकाच, की आपली अमेरिका बरीच जवळ आहे: दादर, सदाशिव पेठ आणि दिल्लीचं मंडी हाउस.

आधी बाजाराचं पाहू, कारण या ओढीला आता बाजार मिळाला आहे. २०१६ हे वर्ष त्यात महत्त्वाचं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओने स्वस्त डेटा दिला, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं. त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ सुरू झाली. अमेरिकेतल्या एका काल्पनिक गावातलं १९८३ साल, पोरांच्या सायकली, वॉकी-टॉकी आणि त्या काळचं संगीत हे सगळं त्यात इतक्या निगुतीने मांडलं होतं, की १९८३ नंतर वीस वर्षांनी जन्मलेली मुलंही त्या सालाच्या प्रेमात पडली. आपल्याकडे २०१८ मध्ये ‘ये मेरी फॅमिली’ने १९९८ चं जयपूर उभं केलं, २०२० मध्ये ‘स्कॅम १९९२’ने शेअर बाजारातली मुंबई, २०२३ मध्ये ‘ज्युबिली’ने फाळणीच्या सुमारासचं मुंबईचं स्टुडिओ-जग. दुसरीकडे खरोखरचा जुना माल होताच. नवी मालिका काढायची तर लेखक, कलाकार, चित्रीकरण या सगळ्याचा खर्च. जुन्या चित्रपटाचे हक्क त्या मानाने स्वस्त, आणि प्रेक्षक आधीच तयार. मराठी चित्रपटांचे हक्क बाळगून असलेल्या व्हिडिओ कंपन्यांनी स्वतःची दुकानं उघडली: शेमारूची ‘मराठीबाणा’ वाहिनी २०२० मध्ये आली, अल्ट्राचं ‘झकास’ ॲप २०२३ मध्ये. सरकारही मागे राहिलं नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ‘वेव्हज’ सुरू केलं तेव्हा जाहिरातीत मोठं स्थान ‘रामायण’, ‘महाभारत’ आणि ‘हम लोग’ यांनाच होतं.

या सगळ्या दुकानांत भूतकाळ मिळतो, पण कॅमेऱ्यासमोर आलेलाच. जे चित्रित झालं नाही त्याला दुकानात फळी नाही. त्यामुळे परभणीकराने स्वतःचं बालपण शोधायला ॲप उघडलं, तर त्याला दुसऱ्या कुणाचं तरी बालपण सापडतं. ते गोड असतं, म्हणून तो ते ठेवून घेतो. हे कसं घडतं, हे समजून घ्यायचं तर परभणीने खरोखर काय आणि कसं पाहिलं, ते आधी मांडावं लागेल.

सिनेमाच्या धंद्यात देशाचे वितरणासाठी विभाग पाडलेले असतात. त्यातल्या एका विभागाचं नाव अजून ‘निझाम’ आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये त्याचे तुकडे झाले, १९६० मध्ये मराठवाडा महाराष्ट्राचा भाग झाला. वितरकांच्या वहीत मात्र तेलंगणाच्या जोडीला मराठवाडा ‘निझाम’मध्येच राहिला. परभणीच्या थिएटरात लागणाऱ्या हिंदी सिनेमाचा हिशेब हैदराबादच्या बाजूने चालायचा. इथल्या प्रेक्षकाचा कानही त्या बाजूला झुकलेला. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्या गावाविषयी आहे, तिथे मराठी घरातही दखनीचे चार शब्द सहज येऊन जातात. श्याम बेनेगलांचा १९७४ चा ‘अंकुर’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना शबाना आझमीच्या तोंडची ती बोली परकी वाटली नसेल. तसं बोलणारी माणसं इथल्या बाजारात रोज भेटतात. पुण्या-मुंबईच्या सिनेमा-आठवणीत हा हैदराबादचा पदर नसतो. परभणीच्या आठवणीत तो नसेल, तर ती आठवण उसनी आहे असं खुशाल समजावं.

थिएटर तालुक्याच्या गावाला. खेड्यांत सिनेमा यायचा जत्रेसोबत, तंबूतून. ट्रकवर प्रोजेक्टर, रिळांच्या पेट्या, कनातीचं कापड. दिवसभर भोंग्यावर पुकारा आणि अंधार पडला की खेळ. मध्ये कनात किंवा दोरी, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षं काम करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. रिळाची जागा डिजिटल प्रोजेक्टरने घेतली तेव्हा या धंद्याची कशी तारांबळ उडाली, ते त्यात दिसतं. आपल्या जत्रांमधल्या तंबूचं दर्शन अशा प्रकारे फ्रान्सला घडलं. आपण स्वतः मात्र तंबूवाल्याचं नावही कुठे लिहून ठेवलं नाही.

तंबू वर्षातून एकदा, रेडिओ रोज. टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून आकाशवाणीचं परभणी केंद्र चालू आहे. शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, बाजारभाव, भजनं, भावगीतं, मराठवाड्यातल्या लेखक-कवींची भाषणं. या भागातल्या माणसांना आपल्या बोलीतला आवाज यंत्रातून ऐकू आला तो इथून. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षीच इथे कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि संकरित बियाणं, खताची मात्रा हे शब्द घरोघर पोचवायला रेडिओच होता. मला विचाराल तर परभणीचं खरं सामायिक स्मरणरंजन सिनेमाचं नाही, रेडिओचं आहे. पण प्लॅटफॉर्मला चित्र लागतं, त्यामुळे हा ठेवा त्या बाजारात उतरतच नाही.

आता टीव्ही. इन्सॅट-१ बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये केंद्र सरकारने लहान प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा लावला. काही महिने तर देशात जवळपास दिवसाला एक. या शंभर वॅटच्या प्रक्षेपकांचं चित्र दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात नीट दिसायचं. त्यापलीकडच्या गावात माळवदावर लोखंडी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आणि जोडीला बूस्टर. एकजण वर पाइप फिरवायचा, दुसरा अंगणातून ओरडायचा, तिसरा खोलीतून सांगायचा की मुंग्या कमी झाल्या का वाढल्या.

पण दिसायचं काय? या लहान प्रक्षेपकांचं मुख्य काम उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवणं हे होतं. म्हणजे मुंबईकराच्या टीव्हीवर मराठी पहिल्यापासून होतं. जिल्ह्याच्या गावांचा टीव्ही बोलायला लागला तोच हिंदीतून. ‘हम लोग’ ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, पाठोपाठ ‘बुनियाद’, ‘नुक्कड’. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारची सकाळ ‘रामायण’ची झाली. मुंबई केंद्राचे ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ ज्या पिढीला तोंडपाठ आहेत ती पिढी पश्चिमेची. मराठवाड्यातल्या त्याच वयाच्या माणसाला ‘बुनियाद’मधले लाजोजी आणि हवेलीराम आधी भेटले, गुंड्याभाऊ फार नंतर. मराठी टीव्हीचा सुवर्णकाळ म्हणून जो सांगितला जातो तो एका पट्ट्याचा सुवर्णकाळ होता. याबद्दल कुणाला दोष देण्याचं कारण नाही. प्रक्षेपकाची ताकद जितकी, तितकीच आठवणीची हद्द. मात्र ही हद्द इतिहास लिहिताना आखलेली असावी.

दुसरी हद्द घराच्या उंबऱ्यावरची होती, आणि तिच्याबद्दल बोलायला आपण फारसे राजी नसतो. ‘रामायण’च्या वेळी अख्खं गाव एका घरात बसायचं, हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक लेखात येतं. अख्खं म्हणजे कोण? सतरंजीवर कोण बसलं, ओसरीत कोण, खिडकीच्या गजांना धरून कोण उभं राहिलं आणि कोण त्या आळीत आलंच नाही? मराठवाड्यात या प्रश्नाला त्या वर्षांत फार धार होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि त्यापाठोपाठ दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी जिल्हाही त्यातून सुटला नाही. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. या दोन तारखांमधली साडेपंधरा वर्षं म्हणजे साधारण तोच काळ, ज्याला वेब मालिका ‘साधे, निरागस दिवस’ म्हणून पिवळसर उजेडात दाखवतात. त्या उजेडात स्कूटर दिसते, कुल्फीवाला दिसतो, गच्चीवरच्या गाद्या दिसतात. नामांतराचा लाँग मार्च दिसत नाही. मी असं म्हणत नाही की प्रत्येक हलक्याफुलक्या मालिकेने चळवळीचा इतिहास सांगावा. पण ज्यांच्यासाठी ती वर्षं निरागस नव्हती त्यांची आठवण या संग्रहात असलीच पाहिजे, असा माझा आग्रह होता आणि तो मानला गेला.

व्हिडिओने ही उतरंड थोडी ढिली केली. गणपतीत, लग्नानंतर किंवा नुसतीच वर्गणी काढून ‘व्हिडिओ आणला’ जायचा; टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने, तीन सिनेमे, रात्रभर, रस्त्यावर. तिथे उंबरा नव्हता. वीज गेली की सगळे सारख्याच अंधारात. नव्वदच्या दशकात केबल आली आणि १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. ‘आभाळमाया’ ही मालिका परभणीने आणि परळने एकाच संध्याकाळी पाहिली. मराठी टीव्हीचा सामायिक काळ मोजायचा तर तो इथून मोजावा लागेल. त्याआधीचा काळ प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा आहे.

एवढं लक्षात घेतलं की प्लॅटफॉर्मवरचे मराठी ‘जुने दिवस’ कुणाचे आहेत, ते उलगडायला लागतं. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची २०१३ ची ‘दुनियादारी’ पुण्याच्या कॉलेजकट्ट्यावरची. त्याच वर्षीचा रवी जाधवांचा ‘बालक-पालक’, ज्यात ऐंशीच्या दशकातली मुलं चोरून व्हीसीआर लावतात, तो मुंबईच्या चाळीतला. यूट्यूबवर गावाकडच्या गोष्टी सांगणाऱ्या मालिका लोकप्रिय झाल्या त्याही सातारा आणि बारामतीकडच्या. त्यातली भाषा, ऊस, कालव्याचं पाणी सगळं तिकडचं. कापूस आणि ज्वारीचा, गोदा-दुधना-पूर्णेच्या काठचा, मानवत-सेलूच्या जिनिंगचा भूतकाळ अजून कुणाच्या पटकथेत नीट उतरलेला नाही. मधल्या मधे झालंय असं, की परभणीचा तरुण सातारी बोलीतला गाव पाहून स्वतःच्या गावाच्या आठवणीने हळवा होतो.

तरीही उसनं सगळंच परकं राहतं असं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ ची. पुण्यात भाड्याची खोली मिळेना म्हणून चार मित्र सोंगं काढतात, एवढंच कथानक, तेही मुळात ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून घेतलेलं. तो आला तेव्हा परभणीत लोक लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांच्यासाठी गेले. आज हाच सिनेमा परभणीतून पुण्याला शिकायला, नोकरीला गेलेली मुलं पुन्हा पुन्हा पाहतात. डिपॉझिट, घरमालकाच्या अटी, एका खोलीत पाचजण, गावाकडून आलेला पाहुणा लपवणं हे त्यांचं रोजचं जगणं आहे. धनंजय मानेचा पत्ता विचारणारा त्या सिनेमातला प्रश्न त्यांच्यासाठी नुसता विनोद राहिलेला नाही. ज्या सिनेमाची आठवण त्यांना वडिलांकडून मिळाली, त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच्या कमाईने मिळवला. उसनी आठवण अशी फेडली जाते. म्हणूनच मी स्मरणरंजनाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला नाही. माणसं पडद्यावरच्या भूतकाळात स्वतःचं काहीतरी पेरून घेतात. त्यांना भोळं समजणं ही आपलीच चूक ठरेल.

टाळेबंदीत याचा मोठा प्रत्यय आला. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, आणि १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं स्वतःच जाहीर केलं. या आकड्यात आजी होत्या आणि नातवंडंही. पुण्याहून मिळेल त्या वाहनाने गावी परतलेली मुलं आईवडिलांबरोबर एका खोलीत बसून एकच कार्यक्रम पाहत होती, ही गोष्ट कित्येक घरांत मोठ्या खंडानंतर घडली. ते संपलं तसे सगळे आपापल्या फोनवर परतले. आजची पाहण्याची रीत अशीच आहे: घर एक, पडदे चार, आणि प्रत्येकाला त्याच्या सवयीप्रमाणे वेगळा भूतकाळ पुढे करणारं यंत्र. वडिलांना ‘नुक्कड’ सुचते, मुलीला कोरियन शाळेतलं प्रेम. एकत्र पाहण्याची आठवण आपण एकेकटे बसून पाहतो, हा या काळाचा मोठाच विरोधाभास आहे.

राहता राहिला प्रश्न जतनाचा. ऑनलाइन गेलं म्हणजे टिकलं, असा एक समज पसरला आहे. हक्काचा करार संपला की चित्रपट ॲपवरून रातोरात नाहीसा होतो आणि विचारायला खिडकी नसते. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं जमवली. तरीही ८ जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटवरचा मोठा ठेवा जळाला, त्यात प्रभात फिल्म कंपनीचाही होता. इतकी काळजी घेतलेल्या गोष्टींची ही गत, तर ज्यांची कुणी दखलच घेतली नाही त्यांचं काय होणार? थिएटरचे प्रोजेक्टर चालवणारे, तंबूचे ठेकेदार, व्हिडिओ भाड्याने देणारे, गल्लीत केबल टाकणारे, आकाशवाणीला पत्रं लिहिणारे श्रोते ही मंडळी अजून आपल्यात आहेत, पण बहुतेकांनी सत्तरी गाठली आहे.

म्हणून या पुस्तकाची मांडणी सिनेमांच्या नावांवर न करता पाहण्याच्या जागांवर केली आहे. आधी तंबू आणि थिएटर, मग माळवदावरचा अँटेना, मग रस्त्यावरचा व्हिडिओ, मग केबल, शेवटी फोन. लेखांचा सूर एक नाही. काही लेखक जुन्या दिवसांवर जीव टाकणारे आहेत, काहींना त्या दिवसांचा उबग आहे, आणि दोन लेख तर एकाच गावातल्या एकाच थिएटरबद्दल परस्परविरोधी सांगतात. ते तसेच ठेवले आहेत. त्यातला वाद मिटवणं हे संपादनाचं काम नव्हतं.

वाचकाला माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी ॲपने ‘तुमच्या आवडीचा जुना काळ’ म्हणून काही पुढे केलं, तर जरूर पाहा, हसा, रडाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारा: तेव्हा आपल्या गावात हे दिसत होतं का, कुणाच्या घरी दिसत होतं, आणि तुम्ही कुठे बसला होतात? आलेली उत्तरं गाव आणि साल घालून लिहून ठेवा. परभणीचा जुना काळ कुठलाही प्लॅटफॉर्म विकत घेणार नाही, कारण विकायला तो अजून कुणाकडे नाही. तो आधी आपल्यालाच जमा करावा लागेल, आणि या पुस्तकाने त्या कामाला हात घातला आहे.